औषधाची गोळी आणि चहाचा पेला
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर ज्ञातीचा इतिहास, स्त्रीशिक्षण, हुंडा, उद्योगधंदे असे थोर विषय विद्वानांनी मांडले. त्यांच्या पंक्तीस आमचा आजचा विषय बसवला, तर तो पानात वाढलेल्या मिठासारखा किरकोळ वाटेल. परंतु मिठावाचून पान पुरे होत नाही, हेही आपण जाणताच. विषय एवढाच की, डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वांची, लोहाची अथवा कॅल्शियमची गोळी आपण केव्हा घेतो, कशाबरोबर घेतो, आणि त्यामुळे ती अंगी लागते की नाही.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही वैद्य नव्हे. माध्यमिक शाळेत छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आम्ही एक शिक्षक आहोत. हा विषय बोलण्याचा अधिकार आम्हांस ज्ञानाने आलेला नसून चुकीने आलेला आहे, आणि ती चूक आमच्याच घरात, आमच्याच हातून घडली. म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

आमच्या आजोबांच्या पिढीत दौतीतील शाई पुष्कळ घरी हाताने करीत. हिरड्याचा काढा करावा, त्यात हिराकस घालावा, म्हणजे काळी शाई तयार होई. हा प्रयोग आम्ही दरवर्षी नववीच्या वर्गात करून दाखवीत असू. एका पेल्यात हिरड्याचे तपकिरी पाणी, दुसऱ्यात हिराकसाचे फिकट हिरवे पाणी. दोन्ही एकत्र केली की पाहता पाहता द्राव काळा पडे, आणि मागच्या बाकावरची मुलेही उठून उभी राहत. मग आम्ही फळ्यावर लिहीत असू की, हिरड्यातील टॅनिन आणि हिराकसातील लोह यांचा संयोग होऊन जो नवा पदार्थ झाला, तो पाण्यात विरघळत नाही. हिरडा नसेल त्या वर्षी आम्ही चहाचा कोरा काढा वापरीत असू. त्यानेही रंग तसाच काळा येई.

आता पुढील प्रसंग ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंना प्रथमच दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन 8.6 निघाले. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. उपाशीपोटी औषध बाधेल, या आमच्या भाबड्या समजुतीने आम्ही रोज सकाळी स्वतः उठून चहा करीत असू आणि पेल्याशेजारी बशीत ती गोळी ठेवून म्हणत असू, "सूनबाई, आधी गोळी घ्या, मग चहा." सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा 8.8 होता. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गोळी घेता ना?" सूनबाई म्हणाल्या, "रोज घेते. मामंजी स्वतः देतात." "कशाबरोबर?" "चहाबरोबर."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहून इतकेच म्हटले, "सर, तुम्ही तर शाई कशी करतात ते शिकवता." त्या आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. त्या क्षणी आम्हांस जी लाज वाटली, ती आज एवढ्या सभेपुढे सांगतानाही वाटते आहे. लोहाची सामान्य गोळी म्हणजे बहुधा शुद्ध केलेला हिराकसच. छत्तीस वर्षे जो प्रयोग आम्ही पेल्यात दाखवला, तोच दीड महिना आम्ही आपल्या सुनेच्या पोटात करीत होतो.

भगिनींनो, गोळी गिळली म्हणजे ती रक्तात गेली, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पोट हे दाराबाहेरचे अंगण आहे. घराचे दार आतड्यात आहे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून रक्तात शिरते, आणि शिरण्यासाठी ते विरघळलेल्या स्थितीत असावे लागते. चहातील टॅनिनाने ते बांधून टाकले, की दारापर्यंत येऊनही ते आत जाऊ शकत नाही, आणि आल्या वाटेने निघून जाते.

हे केवळ शाळेतल्या पेल्यावरून आम्ही सांगत नाही. 1975 साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी चहामुळे लोहाचे शोषण घटते, हे मोजून दाखवले. 1983 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, एकाच प्रकारच्या जेवणाबरोबर कॉफी दिली असता लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी आणि चहा दिला असता 64 टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती आपल्या घरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. परंतु जेवणानंतर एका तासाने घेतलेल्या कॉफीने बरोबर घेतल्याइतकीच हानी केली. म्हणजे आपल्याकडे हात धुऊन होतात न होतात तोच चहाचे आधण चढते, ती वेळ लोहाच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

गोळ्यांविषयीही अलीकडे असाच अभ्यास झाला. 2023 साली झुरिक येथील संशोधकांनी लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांना तीच गोळी निरनिराळ्या प्रकारे देऊन पाहिली. पाण्याऐवजी कॉफीबरोबर दिली, तेव्हा शोषण सुमारे निम्म्याहून अधिक घटले. कॉफी आणि न्याहारी या दोहोंबरोबर दिली, तेव्हा ते जवळजवळ दोन तृतीयांश घटले; त्या न्याहारीत संत्र्याचा रस असूनही ते सावरले नाही. उलट उपाशीपोटी, क जीवनसत्त्वासह दिली, तेव्हा शोषण सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. दुपारपेक्षा सकाळची वेळही अधिक लाभदायक ठरली. तात्पर्य, लिंबू हे लोहाचे मित्र खरे. परंतु वर लिंबू पिळले म्हणजे चहाचा दोष धुऊन निघाला, असे कोणी समजू नये.

आमच्या घरी मग व्यवस्था बदलली. सकाळी सहाला उठल्याबरोबर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी, आणि चहा आठाला. सूनबाईंनी एकट्यांनी वाट पाहावी आणि आम्ही समोर बसून भुरके मारावेत, हे बरे दिसेना. म्हणून सगळ्या घराचाच चहा आठाला गेला. पन्नास वर्षांची सवय मोडताना आमचे डोके आठवडाभर ठणकत होते, हे मान्य करतो. कॅल्शियमची गोळी पूर्वी लोहाच्या गोळीबरोबरच दिली जात होती. तीही वेगळी करून रात्रीच्या जेवणाशी ठेवली, कारण कॅल्शियमही लोहाच्या वाटेत आडवे येते. आठ आठवड्यांनी आकडा 10.4 झाला. यथाकाल कन्यारत्न झाले, आणि मायलेकी सुखरूप घरी आल्या. आता एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्हीच मुलांना शिकवीत आलो. आहारात पालेभाजी वाढली होती, गोळीही डॉक्टरीणबाईंनी बदलली होती. म्हणून सारे श्रेय आम्ही चहाच्या वेळेला देत नाही. परंतु चुकीतील आमचा वाटा आम्ही विसरत नाही.

हा प्रश्न एका घराचा असता, तर आम्ही तो व्यासपीठावर आणला नसता. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 या वयातील भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के, आणि महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी 54 टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे या सभागृहात डाव्या बाजूस बसलेल्या आमच्या भगिनींपैकी, सर्वसाधारण हिशेबाने, निम्म्यांच्या अंगी रक्त उणे असेल. सरकार 1970 सालापासून या गोळ्या वाटत आले आहे. गोळी घरात येते. परंतु घरातून अंगात जाण्याचा शेवटचा वीतभर रस्ता आपण चहाने अडवतो.

या प्रश्नाशी आपल्या मुंबईचा जुना संबंध आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गरोदर गिरणीकामगार स्त्रियांत एक विलक्षण रक्तक्षय दिसत असे, त्याचा शोध त्यांनी हाफकिन संस्थेत राहून घेतला. यीस्टचा अर्क दिल्याने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल होय. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. आज लोहाच्या गोळीबरोबर जे फॉलिक आम्ल मिळते, त्याचा माग असा परळच्या गिरणगावात जाऊन पोहोचतो. पुढे 1991 साली सिद्ध झाले की, गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बालकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे बहुतांशी टळतात. म्हणून ज्यांच्या घरी लग्नकार्य झाले आहे, त्यांनी ही गोष्ट डोहाळजेवणापर्यंत लांबवू नये. सूनबाईंनी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लोहाखेरीज इतर गोळ्यांचीही थोडी चर्चा करू. जीवनसत्त्वांचे दोन कुळांत विभाजन करता येते. अ, ड, ई आणि के ही चार स्निग्धात विरघळणारी. ब वर्ग आणि क ही पाण्यात विरघळणारी. पहिल्या कुळातील मंडळी तूप-तेलाच्या सोबतीवाचून नीट आत जात नाहीत. अमेरिकेत 2010 साली झालेल्या एका लहान अभ्यासात, ड जीवनसत्त्व घेऊनही ज्यांच्या रक्तातील प्रमाण वाढत नव्हते, अशा सतरा रोग्यांना तीच गोळी दिवसाच्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घेण्यास सांगितले. दोन-तीन महिन्यांत ते प्रमाण सरासरीने निम्म्याहून अधिक वाढले. तेव्हा ड जीवनसत्त्वाची गोळी कोऱ्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घेण्यापेक्षा, वरणभातावर तुपाची धार पडते त्या जेवणाबरोबर घ्यावी. गाजर आणि पालेभाजी यांतील अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्यालाही हाच न्याय लागू आहे. फोडणी ही केवळ चवीसाठी नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी अथवा गोळी आपल्याकडे सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घेण्यासाठी देतात. ती शक्तीचे औषध समजून रोज घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठतात. ड फार झाले, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गुंगी, मूत्रपिंडास इजा, इथपर्यंत मजल जाते. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा अतिरिक्त भाग बहुधा लघवीवाटे निघून जातो. ब वर्गाच्या गोळीने लघवी गर्द पिवळी होते, ती रिबोफ्लेविन नावाच्या ब जीवनसत्त्वाच्या रंगामुळे. ती उष्णता नव्हे, की कावीळ नव्हे. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, तेही घाबरून गोळी सोडण्याचे कारण नाही.

शाकाहारी कुटुंबांना ब-बारा या जीवनसत्त्वाची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण ते वनस्पतिजन्य अन्नात नसते; दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. त्याच्या शोषणासाठी जठरातील आम्ल व एक विशिष्ट प्रथिन लागते. म्हणून उतारवयात, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अथवा आम्लपित्तासाठी रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी पडण्याचा संभव असतो. पायांना मुंग्या येणे, विसराळूपणा वाढणे, याला प्रत्येक वेळी वय म्हणून सोडून देऊ नये. एकदा रक्त तपासून घ्यावे.

ज्येष्ठ मंडळींच्या घरी आता आणखी एक दृश्य दिसते. परदेशी असलेली मुले प्रेमाने गोळ्यांचे मोठमोठे डबे पाठवतात, आणि आजोबा सकाळी सगळ्या गोळ्या एका ओंजळीत घेऊन एका घोटात गिळतात. मुलांचे प्रेम आम्हांस मान्य आहे. ओंजळ मान्य नाही. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावयाची असते, आणि तिच्यापासून लोह व कॅल्शियम चार तास दूर ठेवावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर चांगली शोषली जाते, आणि एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम घेण्यात लाभ कमी. काही प्रतिजैविके दूध, कॅल्शियम किंवा लोह यांनी बांधली जातात आणि ताप उतरत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, आणि पालेभाजीचे प्रमाणही एकदम कमी-अधिक करू नये. आणि मद्याविषयी या व्यासपीठावर अधिक न बोलता इतकेच सांगतो की, ते ब वर्गातील थायमिन व फॉलिक आम्ल यांचे शोषण बिघडवते. रात्री प्याला आणि सकाळी शक्तीची गोळी, हा हिशेब जुळत नाही.

कोणी विचारील, मग आमच्या स्वयंपाकात काही उपाय नाही काय? आहे, आणि तो आजीबाईंनी कधीच करून ठेवला आहे. धान्य-कडधान्यांतील फायटेट नावाचे द्रव्य लोहाला धरून ठेवते. कडधान्यास मोड आणले, पीठ आंबवले, की ते कमी होते. मटकीची उसळ, आंबोळी, धिरडी यांमागे हे शास्त्र आहे. उसळीवर लिंबू पिळणे, पानात आवळ्याचे लोणचे अथवा पेरूची कोशिंबीर वाढणे, याने अन्नातील लोह अधिक शोषले जाते. मात्र लिंबू भांडे चुलीवरून उतरवल्यावर पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. लोखंडी कढईत केलेल्या आंबट पदार्थात थोडे लोह उतरते, तेही उपयोगी. तथापि रक्तक्षय एकदा जडला, की केवळ उसळीने तो भरून येत नाही. तेथे औषधच हवे, आणि औषध किती व केव्हा, हे डॉक्टरांनीच ठरवावे. उपाशीपोटी गोळीने मळमळत असेल, तर थोडे खाऊन घ्यावी. मळमळीने गोळी सुटण्यापेक्षा ते कितीतरी बरे. या गोळ्या गोड आवरणाच्या असतात, आणि लहान मुलाने एकदम पुष्कळ खाल्ल्या तर प्राणावर बेततात. त्या कुलपात ठेवाव्यात, ही विनंती.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, ती सांगून संपवतो. आपल्या घरांत चहा कोण सर्वांत अधिक पितो, याचा विचार करा. सकाळी सर्वांची न्याहारी, डबे, पूजा आटपेपर्यंत जी उभीच असते, ती भूक मारण्यासाठी उभ्या उभ्या चहा घेते. अकराला आल्यागेल्याबरोबर पुन्हा चहा. सर्वांची पंगत उठल्यावर उरलेसुरले तिच्या पानात येते, आणि त्यावर पुन्हा चहा. म्हणजे घरात जिला लोहाची गरज सर्वांत अधिक, तिच्याच पोटात अन्न सर्वांत कमी आणि चहा सर्वांत जास्त जातो. सूनबाईंचे हिमोग्लोबिन 8.6 का झाले, याचे उत्तर शोधताना आम्हांस हे आमच्याच स्वयंपाकघरात दिसले. गोळीची वेळ बदलणे सोपे होते. पंगतीचा क्रम बदलणे आम्हांस जड गेले. आज आमच्या घरी सारे एकत्र जेवतात, आणि वाढण्याचे काम पाळीने असते. आमची पाळी बुधवारची आहे.

चहाचा द्वेष करण्याचे कारण नाही. आल्यागेल्यास पेलाभर चहा देणे हा आपल्या घरांचा शिष्टाचार आहे, तो आम्हांसही प्रिय आहे. केवळ त्याची आणि गोळीची गाठ पडू देऊ नये. महिला शाखेस आमची नम्र सूचना आहे की, येत्या चैत्रातील हळदीकुंकवास चहाऐवजी कैरीचे पन्हे द्यावे, आणि त्याच दिवशी रक्त तपासण्याची सोय करावी. तपासणीचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देऊ. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येक बंधूने आपल्या घरातील औषधाचा डबा उघडून एकदा पाहावे की कोणती गोळी कोण, केव्हा आणि कशाबरोबर घेते. तेवढे झाले, तर आमचे हे लांबलेले भाषण सार्थकी लागले, असे आम्ही समजू.

कार्यक्रमपत्रिकेनुसार आता चहापान आहे. ज्या भगिनींनी आत्ताच लोहाची गोळी घेतली असेल, त्यांच्यासाठी स्वयंसेवकांनी लिंबाचे सरबतही ठेवले आहे.